लोण्याच्या डागाखाली

व्हर्लीनच्या अक्षरातलं ते कार्ड
मैद्याच्या डब्यात सापडलं, मार्चमध्ये.
वाचायचा धीर व्हायला ऑगस्ट उजाडला.

पावणेदोन कप मैदा. पाऊण कप कोको.
ताक एक कप, आंबट असेल तर उत्तम.
कढत कॉफी अगदी शेवटी,
आणि घाबरू नकोस, मिश्रण पातळच होतं.

हे 'घाबरू नकोस' कुणासाठी गं?
तू तर कोंबड्यांच्या खुराड्यातल्या सापालाही
कुदळीच्या दांड्याने वाट दाखवायचीस.

दोन थरांच्या मध्ये पीनट बटर,
हात आखडता न घेता.
आणि मग ती ओळ:
'ओव्हनमध्ये ठेव. ओडेल घरी आल्या—'
पुढे लोण्याचा डाग.
कागद तेवढ्यापुरता काच झालेला,
पलीकडचं माझं बोट दिसतं, अक्षर नाही.

आल्यावर, असणार.
आल्यावर काढ.
मी सहा वाजून दहा मिनिटांनी यायचो,
अडतीस वर्षं, भोंगा झाला की,
गावाबाहेरच्या पीनट बटरच्या कारखान्यातून.
भट्टीवर होतो मी.
मालगाडीच्या डब्यांनी दाणे यायचे
आणि माझ्यासमोर पांढऱ्याचे तांबूस व्हायचे.
माझ्या नाकाने दुसऱ्याच वर्षी हात टेकले.
तेव्हापासून मला मॅग्नोलिया आणि डिझेल
एकाच माळेचे मणी.

पण आज ओडेल सकाळपासून घरातच आहे,
बनियनवर, कोपरापर्यंत कोको.
तो येणार कुठून, आणि केक निघणार कधी?

जाळीच्या दारातून शेजारचा ट्रेमेन डोकावला,
वय सात, पुढचे दोन दात रजेवर.
'दाणे चालतात ना रे तुला?'
त्याच्या भरवशावर न राहता
कुंपणावरून त्याच्या आईला विचारून आलो.
मग त्याला नोकरीवर ठेवला:
हुद्दा, नाक.
पगार, फेटणीला चिकटलेलं सगळं.

ओव्हनचं दार नीट लागत नाही,
लाकडी चमचा टेकवून ठेवावा लागतो.
त्यासमोर तो मांडी घालून बसला
आणि मी दर दोन मिनिटांनी, 'काय येतंय?'

'काही नाही.'
'काय येतंय?'
'अंडं.'
'आता?'
'माझ्या शर्टाचा वास येतोय, मिस्टर ओडेल. आता सरका.'

पंखा गरगरत होता, हवा मात्र
जॉर्जियातली, जागची हलत नव्हती.
मी भिंतीकडे बघत बसलो.
तेवढ्यात तो उठला, नाक वर,
शिकारी कुत्र्याच्या पिल्लासारखा,
आणि ओव्हनकडे न जाता
थेट दाराकडे गेला,
खुंटीवरच्या माझ्या जुन्या जॅकेटकडे.
बाहीत तोंड खुपसलं.
मग परत ओव्हनपाशी.
मग परत बाहीत.

'हे दोन्ही एकच आहे,' तो म्हणाला.

आल्यासारखा.
ओडेल घरी आल्यासारखा वास सुटेपर्यंत.

म्हणजे सहा वाजून दहाला, बाई,
तू दारात नुसती उभी राहायचीस ना, क्षणभर,
काही न बोलता, श्वास आत घेऊन,
मला वाटायचं, पुन्हा चिडलीस.
बूट बाहेर काढायचे विसरलो म्हणून.
अडतीस वर्षं मी आधी बुटांकडे बघत आलो.

जॅकेट काढलं, मीही तोंड खुपसलं.
कापड. थंड झिपर. बस, एवढंच.
जे तिला रोज कळायचं
ते या पोराला कळलं,
मला मात्र ऐकूनच घ्यावं लागणार.

'परत सांग,' मी म्हणालो. 'कसा येतोय?'
'जळका येतोय! काढा ना आता!'

कडा करपल्या. मधोमध केक खचला,
हाताची ओंजळ बसेल एवढा.
मी बरणीतलं पीनट बटर त्या खळग्यात ओतलं,
सगळंच, हात आखडता न घेता.

ट्रेमेनने खुर्ची ओढली.
'खड्ड्याचा तुकडा माझा,' तो म्हणाला.
घड्याळात चार वाजले होते.
मी एक ताटली जास्तीची काढली,
आणि मग तिच्यात जॅमची बाटली ठेवली,
उगाच दिसायला नको म्हणून.